आधी कुडल, मग सोलापूर: दोन दिवसांत शहर बघायचं आणि कोरीवकाम वाचायचं कसं

सोलापूर एका दुपारीही उरकता येतं. सिद्धेश्वराचं दर्शन, दोन चादरी, पावशेर शेंगा चटणी, की निघाले लोक तुळजापूरला नाहीतर अक्कलकोटला. पण दोन दिवस हातात असतील तर आमचा क्रम उलटा आहे: पहिल्या सकाळी शहर सोडून भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल गावी जायचं आणि शहराकडे नंतर वळायचं. कारण असं की कुडलच्या देवळात एक दरवाजा आणि एक खांब नीट बघितला, की किल्ल्यातले जुने खांब, इंद्रभुवन या वाड्याची दर्शनी बाजू, चर्चच्या कमानी, अगदी चादरीची किनारसुद्धा कशी बघायची ते कळायला लागतं. आधी शहर फिरून मग कुडलला गेलात तर तोवर पाय दमलेले असतात, ऊन डोक्यावर असतं आणि देऊळ ‘छान आहे’ एवढ्यावर संपतं.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. एप्रिल-मे टाळाच, पारा चाळिशीच्या वर असतो आणि दगडी फरशीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. तरी यायचंच असेल तर पिशवीत जाड सुती पायमोजे टाका. देवळात चपला चालत नाहीत, पायमोज्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. पावसाळ्यात अडचण वेगळी. इथली जमीन काळी, कच्च्या वाटेवर चिखल चाकाला धरून बसतो. शिवाय उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलं की संगमाजवळचं पात्र फुगतं. आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी नदी भरलेली असू शकते, म्हणून निघण्याआधी गावात फोन करून नाहीतर फाट्यावर विचारून घ्यावं.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत, पण एकही विसरू नका: हातात मावणारी बॅटरी (मोबाइलचा दिवा चालतो, पण तोच मोबाइल फोटोला लागतो), तळहाताएवढा आरसा, छोटी दुर्बीण असली तर उत्तम, वही-पेन्सिल आणि माणशी दोन लिटर पाणी. कुडलला हॉटेल शोधत बसण्यापेक्षा कडक भाकरी, चटणी आणि कांदा बांधून नेलेला बरा.

कुडल शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर आहे. विजापूर रस्त्याने निघायचं आणि हत्तरसंगचा फाटा विचारून वळायचं. सकाळी सातला शहर सोडलंत तर कोवळ्या, तिरप्या उन्हात पोचता. कोरीवकाम बघायला हेच ऊन हवं. अकरानंतर ऊन सरळ वरून येतं, सावल्या मरतात आणि तेच शिल्प सपाट दिसायला लागतं. ढगाळ दिवशीही तसंच होतं. तेव्हा बॅटरीवर भिस्त.

इथे दोन देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. दोन्ही कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. दगड आपला काळा बसाल्ट. धारवाडकडच्या मऊ दगडात दागिन्यासारखं बारीक काम निघतं. बसाल्ट कठीण, छिन्नीला दाद देत नाही, म्हणून इथलं काम जरा भरदार, ठसठशीत दिसतं. ‘कर्नाटकातल्या देवळांसारखं नाजूक नाही’ अशी तक्रार ऐकू येते. तो फरक कारागिराच्या हातापेक्षा दगडाच्या जातीचा आहे.

आता दरवाजा. गाभाऱ्याच्या दाराशी थेट जाऊन उभे राहू नका. आधी दहा पावलं मागे थांबा, संपूर्ण चौकट एका नजरेत घ्या, मग जवळ जाऊन खालून वर वाचत चला. बहुतेक जण वरून सुरुवात करतात, कारण डोळा आधी गणपतीकडे जातो. पण चौकटीची मांडणी जमिनीपासून उभी राहते, वाचनही तसंच करावं.

सगळ्यात खाली उंबरठा. त्याच्या मधोमध पुढे आलेला अर्धगोल भाग असतो, तो मंदारक. दोन्ही बाजूंना बहुधा कीर्तिमुखं, म्हणजे बटबटीत डोळ्यांची, दात विचकलेली तोंडं. उंबरठ्यापुढे जमिनीवर अर्धचंद्राच्या आकाराची पायरी असली तर ती चंद्रशिला. उंबरठा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. श्रद्धा आहेच, शिवाय शेकडो वर्षांच्या पावलांनी कितीतरी देवळांतले मंदारक गुळगुळीत होऊन गेलेत.

मग चौकटीच्या उभ्या बाजूंचा खालचा भाग. इथे उभ्या आकृती असतात. त्रिशूळ, डमरू दिसला तर शैव द्वारपाल. शंख, चक्र दिसलं तर वैष्णव. स्त्रीमूर्ती असतील तर पायाखाली बघा: मगरीसारखा प्राणी असेल तर गंगा, कासव असेल तर यमुना. चेहरे झिजलेले असतात, हात तुटलेले असतात, पण पायाखालचं वाहन आडोशाला असल्याने बऱ्याचदा टिकून राहतं. म्हणून ओळख पटवायची तर आधी पाय, मग हात, चेहरा शेवटी.

त्यांच्या वर उभे पट्टे सुरू होतात. त्यांना शाखा म्हणतात. आतून बाहेर मोजायचं. वेलबुट्टीचा पट्टा पत्रशाखा, नाचणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचा रूपशाखा, उड्या घेणाऱ्या काल्पनिक प्राण्यांचा व्यालशाखा, आणि बारीक खांबासारखा जरा पुढे आलेला तो स्तंभशाखा. आकडा बहुधा विषम येतो: तीन, पाच, सात. तुमच्या मोजणीत चार किंवा सहा आले तर बहुतेक दोन शाखांमधली खाच तुम्ही शाखा म्हणून धरलीत, किंवा बाहेरची जाळी चौकटीत मोजलीत. पुन्हा मोजा, या वेळी उजेड बाजूने टाकून. खाच काळी पडते, शाखा उजळते.

चौकटीच्या आडव्या पट्टीवर, बरोबर मध्यभागी जी लहान मूर्ती ती ललाटबिंब. गणपती किंवा गजलक्ष्मी असणं नेहमीचं. एक सावधगिरी: ललाटावर गणपती म्हणजे देऊळ गणपतीचं, असं होत नाही. देऊळ कुणाचं ते गाभाऱ्यातल्या मूर्तीवरून आणि द्वारपालांवरून ठरवायचं.

खांबाचंही तसंच. तळाचा चौरस, त्यावर चौकोनी खोड, मग अष्टकोन, मग गोल, वर चकतीसारखी कणी आणि सर्वांत वर तुळईचा भार घेणारे हात. आकार असे बदलत का जातात? चौकोन जमिनीवर पक्का बसतो, वर जाताना खांब हलका दिसावा म्हणून कोपरे काढत नेतात. हातांवर कधी पोट पुढे काढलेले, ओझ्याने वाकलेले बुटके असतात. त्यांना कीचक म्हणतात. त्यांचे चेहरे निवांत बघावेत. देवांच्या चेहऱ्यांवर नियमांचं बंधन होतं, कीचकांच्या बाबतीत शिल्पकाराला मोकळीक होती आणि त्याने ती घेतलेली दिसते.

छताकडे मान वर करून फार वेळ बघता येत नाही, चक्कर येते. मोबाइल जमिनीवर बरोबर मध्यभागी, पडदा वर करून ठेवा, समोरचा कॅमेरा चालू करा आणि तीन सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हा. पडद्यावर कमळ किंवा वर्तुळं एकाबाजूला सरकलेली दिसली तर मोबाइल मध्यावर नाही. दोन बोटं सरकवा. आरसाही चालतो, फक्त बॅटरीचा झोत आरशावर न टाकता छतावर टाकायचा. समतल छतात बऱ्याचदा एकात एक फिरवून बसवलेले चौकोन दिसतील. हे नुसतं नक्षीकाम नाही. कोपऱ्यांवर आडव्या शिळा टाकत मधली मोकळी जागा लहान करत नेण्याची ही युक्ती आहे, म्हणजे शेवटी एकाच दगडाने झाकता येते.

संगमेश्वराच्या देवळातला शिलालेख हे कुडलचं मोठं आकर्षण. शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ च्या सुमाराचा हा लेख जुन्यात जुन्या मराठी लेखांमध्ये मोजला जातो. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो वाचून लोकांसमोर आणला. त्याचा शेवट ‘वाछि तो विजेया होईवा’ असा आहे: जो वाचील तो विजयी होवो. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने वाचणाऱ्याला दिलेला हा आशीर्वाद घ्यायचा असेल तर नुसता लेखासमोर फोटो काढून भागत नाही.

वाचायची पद्धत अशी. बॅटरी लेखासमोर धरली तर अक्षरं पुसल्यासारखी होतात. ती दगडाला जवळजवळ टेकवून, एका कडेने धरा, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. एकदा डावीकडून, एकदा वरून, असे दोन फोटो घ्या. डावीकडच्या उजेडात उभ्या रेघा उठतात, वरच्या उजेडात आडव्या. हे दोन फोटो घरी शेजारी ठेवून वाचणं जागेवर वाचण्यापेक्षा सोपं जातं. अडखळण्याचं एक हमखास ठिकाण म्हणजे पृष्ठमात्रा: त्या काळच्या नागरीत ‘ए’ची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या दांडीसारखी देत. ती काना समजून मागच्या अक्षराला जोडली की शब्द बिघडतो. शकाचं इसवी सन काढताना ७८ मिळवतात. पण लेखातला महिना पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं, तेव्हा ७९.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद, पाणी, तेल यातलं काहीही लावू नका. खडूचे कण बसाल्टच्या छिद्रांत बसतात ते निघत नाहीत, आणि पुढच्या माणसाला खडूने चुकीची गिरवलेली अक्षरंच खरी वाटतात. तेलावर धूळ बसते, तिचा थर होतो आणि काही वर्षांत खाच बुजते.

कुडलचं बहुमुखी शिवलिंगही इथेच आहे. एकाच दगडात कोरलेली ३५९ मुखं, आणि ते लिंग स्वतः धरून ३६०, असा हिशोब सांगतात. मोजायची हौस असेल तर उभ्या ओळींत मोजू नका, हटकून चुकता. आडवी एक रांग निवडा, एक ठळक, झिजलेला किंवा तुटका चेहरा खूण म्हणून धरा, प्रदक्षिणा करत त्या खुणेपर्यंत परत या, आकडा वहीत लिहा, मग पुढची रांग. दोघं असाल तर एकाने मोजावं, एकाने लिहावं. हरिहरेश्वराच्या देवळासाठी त्यानंतर तासभर ठेवा. दोन गाभारे असलेलं हे देऊळ, एकाच छताखाली हरी आणि हर. दरवाज्यांचा जो पाठ मघाशी केलात तो इथे स्वतःचा स्वतः करून बघा: दोन्ही चौकटी सारख्या आहेत का, नसतील तर कुठल्या शाखेत फरक आहे?

संगमावर पाय धुवायला हरकत नाही, पोहायला मात्र उतरू नका. दोन नद्या मिळतात तिथे गाळ साचतो आणि तळाचा अंदाज येत नाही.

दुपारी शहरात परत या, जेवा, झोप काढा. सोलापुरात दुपारी दोन ते चार फिरणं हा शहाणपणाचा धंदा नाही.

संध्याकाळी चारनंतर भुईकोट किल्ला. बहमनी काळातला, पुढे आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीत हात बदलत राहिलेला. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने तो जिंकला. दुहेरी तटबंदी, एका बाजूला सिद्धेश्वर तलाव, बाकी बाजूंना खंदक. आत गेल्यावर सरळ बागेत जाऊन बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याऐवजी आधी जुन्या मंदिराचे अवशेष शोधा आणि सकाळचा खांब आठवा: चौरस, अष्टकोन, गोल, कणी. तोच क्रम दिसतो. नंतर बत्तीस खांबी म्हणून ओळखली जाणारी इमारत, आणि दरवाजा-बुरुजांवरचे फार्सी लेख. फार्सी लेख बहुधा उठावाचे असतात, म्हणजे अक्षर वर आणि भोवतालचा दगड खोल. कुडलला उलट, अक्षरच खोदलेलं. उजेड कडेनेच टाकायचा, पण सावली आता अक्षराच्या बाहेर पडते हे लक्षात ठेवून वाचायचं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. मोबाइलवर फोटो काढता येतात, तिवई (ट्रायपॉड) लावायची तर परवानगी लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिद्धेश्वर. तलावाच्या मधोमध देऊळ, तिथपर्यंत जाणारी वाट, पाण्यावरचा उजेड. सूर्य उगवल्यावर तासाभरात हे सगळं बघून घ्यावं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर म्हणजे बसवेश्वरांचे समकालीन, कन्नडमधून वचनं लिहिणारे शिवयोगी. तलाव त्यांनी खोदवला आणि पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली अशी परंपरा आहे. देवळाच्या आजच्या इमारतीत बाराव्या शतकातलं कोरीवकाम शोधू नका, निराश व्हाल. ती पुढच्या काळात वाढत गेलेली, रोजच्या वापरातली वास्तू आहे. तिथे बघायचं ते योगसमाधी, अमृतलिंग, आणि दर्शनाला आलेल्यांच्या तोंडची मराठी, कन्नड, तेलुगू. जानेवारीत संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आलात तर गोष्टच वेगळी: मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले (बंदांच्या अंगरख्यातले) मानकरी, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. त्या दिवसांत मात्र गाडी लांब लावून चालत जायची तयारी ठेवा आणि निवांत शिल्प बघण्याचा विचार सोडा.

इंद्रभुवन, म्हणजे महापालिकेची मुख्य इमारत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अप्पासाहेब वारद यांनी बांधलेला हा वाडा. कामाच्या दिवशी आवारात वर्दळ असते, तरी दर्शनी बाजू बघायला बाहेरची मोकळी जागा पुरते. दुर्बीण इथे लागते. नियम कुडलचाच: आधी लांबून सगळं, मग तळापासून मजल्या-मजल्याने वर. खांब कुठल्या घाटाचे, कमानी कुठल्या, नक्षी कुठली, असे तीन प्रश्न प्रत्येक मजल्याला विचारा. परदेशी आणि देशी हात एकाच भिंतीवर काम करताना दिसतात.

जुन्या चर्चमध्ये जाणार असाल तर रविवारची उपासना संपल्यावर, पाळकसाहेबांना विचारून जा. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात सोलापुरात काम सुरू केलं. अशा प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मूर्ती नसतात, त्यामुळे ‘आत काही नाही’ असं वाटून लोक लगेच बाहेर येतात. तिथली सजावट कमानीत, खिडकीत आणि लाकूडकामात असते. कमानीचं टोक अणकुचीदार आहे की गोल, बघा. छताच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी मोजा, सांधे कसे बसवलेत ते पाहा. व्यासपीठ मध्ये आहे की बाजूला, हेही बघण्यासारखं, कारण ज्या पंथात प्रवचनाला महत्त्व तिथे व्यासपीठ ठळक. भिंतीवरच्या स्मृतिफलकांची भाषा आणि सालं वहीत उतरवून घ्या. रंगीत काच असेल तर आतून, सूर्य काचेच्या पलीकडे असताना बघायची. बाहेरून ती काळीच दिसते. कॅथलिक चर्च असेल तर भिंतींवर क्रुसाच्या वाटेची १४ चित्रं क्रमाने असतात, पहिल्यापासून सुरुवात करा.

वाटेत चार हुतात्मा चौकात थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं; १९३० च्या मे महिन्यात या शहरावर इंग्रजांनी लष्करी कायदा लादला होता, त्या प्रकरणातले हे चौघं. भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे, १९१० साली सोलापुरात जन्मलेले आणि चीनमध्ये युद्धजखमींची सेवा करताना गेलेले.

खरेदी शेवटी, आणि तीही डोळे उघडे ठेवून. शेंगा चटणी कुटलेली घ्या. चिमूट बोटांत दाबली की तिचा गोळा व्हायला हवा. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं म्हणून ती धरते. मिक्सरमधली भुसभुशीत राहते आणि लवकर खवट लागते. कडक भाकरी वाकवून बघायची नाही, मोडून बघायची. चरचर मोडली पाहिजे. चिवट झाली असेल तर तिला दमट हवा लागलेली आहे.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाखाली काहीही विकलं जातं. चादर उलटी करा. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. सुलट्या बाजूला लालावर पांढरा मोर असेल तर उलट्या बाजूला पांढऱ्यावर लाल. एकाच बाजूला नक्षी असेल तर ती छापलेली आहे. मग किनार बघा, अगदी द्वारशाखेसारखी: बाहेरून आत पट्टे किती, कोपऱ्यात नक्षी नीट वळते की मध्येच तुटते? टोकाचा एक धागा काढून दुकानाबाहेर काडीने जाळा. सुताचा धागा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटांत चुरते. वितळून कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे. ओला पांढरा रुमाल गडद भागावर घासून रंग लागतो का तेही तिथेच बघून घ्या, आणि थोडा लागलाच तर घरी पहिले दोन-तीन धुणे गार पाण्यात, बाकी कपड्यांपासून वेगळे काढा.